डागखोलीतली अर्धी ओवी

मोठे साहेब जेवून आले ते ढेकर देतच. हातात पारदर्शक पिशवी, पिशवीला लाल रिबीन, आत घडी घातलेला पांढराशुभ्र टॉवेल. टॉवेलच्या काठावर अक्षरं विणलेली होती : ‘सन्माननीय पाहुणे’.

“सत्कार केला,” साहेब ठाण्यातल्या पार मागच्या बाकड्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. “मी नको नको म्हणत होतो. पण ऐकतायत होय!”

साहेबांना कुणी बोलावलेलंच नव्हतं, हे फौजदार अपेक्षा होनमानेला ठाऊक होतं. अक्कलकोट रस्त्याच्या कारखान्यांत कुठंही मांडव पडला, की साहेबांच्या जीपला त्याचा वास येई.

साहेबांनी रिबीन सोडली. टॉवेल तोंडावरून फिरवला आणि नाक मुरडलं.

“नव्या मालाचा वास. डोक्यात जातोय नुसता.” त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर पसरला, अक्षरं दिसतील अशा बाजूनं, आणि त्यावर पाठ टेकली.

तेवढ्यात फोन वाजला. अपेक्षानं घेतला. पलीकडं कुणी म्हातारा माणूस होता. युवराजशेठच्या टॉवेल कारखान्यातून बोलतोय. डागखोलीत बाई पडलीय. हलवली तर हलत न्हाय.

“अहो, आत्ता तर मी तिथनं जेवून आलो!” साहेब म्हणाले. आपण जेवून गेल्यावर तासाभरात मरायचं, हा त्या बाईनं केलेला अपमानच होता जणू. “हार्ट अटॅक असणार. होनमाने, जा आणि उरकून या. शेठ आपला माणूस आहे.”

‘उरकून या.’ साहेबांच्या तोंडी हा शब्द लग्नाला, जेवणाला आणि मरणाला सारखाच लागू होता.

*

मागावर टॉवेल विणताना तेलाचे थेंब उडतात. डाग पडलेला माल परदेशी जात नाही. म्हणून प्रत्येक कारखान्यात कोपऱ्यात एक खोली असते. तिथं बायका पिस्तुलासारख्या फवाऱ्यातनं डागावर सॉल्व्हंट मारतात. डाग उडतो. सॉल्व्हंटही उडतं, पण ते जातं कुठं, याचा विचार करणाऱ्याला पगार नसतो. बायका त्याला नुसतं ‘डागाचं पाणी’ म्हणतात.

युवराजशेठच्या कारखान्यात ही खोली अपेक्षाला आधी सापडलीच नाही. दार होतं, पण दारावर उंच पोस्टर चिकटवलेलं होतं. पिवळी टोपी घातलेला एक हसरा माणूस अंगठा दाखवत होता, आणि खाली ठळक अक्षरं होती : ‘सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते. बंद खोलीत, एकट्याने, मास्कशिवाय काम करू नका.’

त्या माणसाच्या हसऱ्या दातांमागं चंद्रव्वा मरून पडली होती.

चाळिशीची बाई, गाव मैंदर्गी. पाटावरून कलंडलेली. नाकातोंडावर ओल्या पदराची घट्ट गाठ. मुठीत गुळाचा खडा. आजूबाजूला डाग काढलेल्या टॉवेलांची चळत, एकावर एक, कोन जुळवून. मरणाऱ्या बाईनंसुद्धा घडी मोडू दिली नव्हती.

भिंतीत जमिनीलगत जाळी होती आणि जाळीमागं पंखा घरघरत होता. तोच पंखा आतली हवा ओढून पाइपातनं मागच्या अंगणात टाकायचा. अपेक्षानं जाळीपुढं कागदाचा कपटा धरला. कपटा जाळीला चिकटून बसला. पंखा ओढत होता, चांगला ओढत होता.

ती सांगोल्याकडच्या धनगराची लेक. आजारी मेंढरू उभ्यानं ओळखता येत नाही, त्याच्याशेजारी बसावं लागतं, हे तिला पोलिसात येण्याआधीपासून माहीत होतं. ती चंद्रव्वाच्या पाटाशेजारी उकिडवी बसली. उभ्यानं जो वास जेमतेम जाणवत होता, तो खाली अजून रेंगाळत होता. गोडसर, डोकं हलकं करणारा.

पंखा चालू, मग बाई मेली कशी?

“प्यायली असणार,” दारातून आवाज आला. युवराजशेठ. अंगावर सत्काराचं जाकीट, कपाळावर अजून कुंकू. “ही लोकं काय, मॅडम, सकाळपासून लावतात.”

“ही लोकं म्हणजे कोण?”

“म्हणजे... कामगार.”

“दार बाहेरून कुणी लावलं होतं?”

“तिच्याच जोडीदारणीनं! मुक्ताबाई. सकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, सगळ्यांनी ऐकलं. त्या बाईनं कडी घातली, पंखा बंद केला, नंतर हळूच चालू केला. मी लेखी द्यायला तयार आहे. सदोष मनुष्यवध होतो ना, मॅडम?”

कलम शेठनी आधीच शोधून ठेवलं होतं. प्रेत अजून गार व्हायचं होतं.

“आणि तुम्ही बायकांना मास्क देत होता की नाही?”

“रोज गूळ देतो, मॅडम! एक नंबरचा, कोल्हापुरी. गुळानं छातीतली घाण उतरते. आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे.”

अपेक्षानं त्या बंद मुठीकडं पाहिलं. काही माणसांना शिवी देणं म्हणजे शिवी वाया घालवणं.

*

मुक्ताबाई अंगणातल्या मांडवात, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी बसली होती. तिला कुणी तिथून उठवलंही नव्हतं आणि कुणी तिच्याजवळही गेलं नव्हतं.

“कडी तू घातलीस?”

“व्हय.” तिनं मान वर केली नाही. “शेठनीच सांगितलं. माल घेणारं परदेशी पाव्हणं याच्या आत दार झाकायचं, वर कागुद डकवायचा. पाव्हण्यांना सांगितलं हाय म्हणं, आमच्यात साबणानं डाग काढत्यात. मला पंगतीत वाढायला काढलं. चंद्री ऱ्हायली आत. संध्याकाळी गाडी भरायची व्हती नव्हं!”

“भांडण कशावरून?”

“मुखवट्यावरनं. आमा दोघीत एकच धड मुखवटा. एक दिस तिनं घालायचा, एक दिस मी. आज तिचा दिस. सकाळी ते रामहरी सर खोलीत आलं, म्हणलं, परदर्शनात ठेवायला मास्क पायजे, द्या. मी दिला. चंद्री लई तापली. माझ्या दिसाचा तू कोण देणार, म्हणली.” मुक्ताबाईनं पदराचं टोक मिसरीनं काळ्या झालेल्या दातात धरलं. “खरं हाय की. तिच्या दिसाचा म्या दिला.”

“पंख्याला हात लावलास?”

“आईच्यान न्हाय. मी वाढत व्हते. ती आत गात व्हती, ती हितं ऐकू येत व्हती. ते बगा, त्या नळातनं.”

मंचाचा पडदा कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होता. पडद्याआड, छातीच्या उंचीवर, भिंतीतनं पाइपाचं तोंड बाहेर आलेलं होतं. खोलीची जमीन अंगणापेक्षा उंच, म्हणून आत जे जमिनीलगत होतं ते बाहेर छातीशी येत होतं. खाली बसून गाणारीचा आवाज थेट त्या पाइपात शिरायचा.

“बोलायची कानडी, पन गायची माझ्यासंगं मराठी. स्वतःच जोडायची. आज नवी जोडली व्हती.” मुक्ताबाईनं ओवी गायली नाही, फक्त सांगितली :

“टावेल निघालं गं, जसं पांढरं बगळं,
डाग ऱ्हायलं मागं...”

“पुढं?”

“पुढं न्हाय आलं. भाकरी वाढताना ऐकत व्हते. ‘मागं’ म्हणली आन् एकदम गप. म्हणलं, रुसलीय अजून. मुद्दाम तोडली तिनं.”

शेठची तक्रार, बाहेरची कडी, सकाळचं भांडण. एवढ्यावर मुक्ताबाईला आत टाकायला साहेबांना पाच मिनिटंही लागली नसती. पण मांडवाच्या कनातीवर ऊन तिरपं झालं होतं, आणि सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही. अपेक्षानं आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम हळू काम केलं. पंचनामा रेंगाळला, जीप रेंगाळली, दिवस बुडाला. सकाळपर्यंतची सवड मिळाली.

*

डागखोलीच्या भिंतीला लागून घडीची जागा होती. तिथं पूनम नावाची पोरगी दिवसभर टॉवेलांच्या घड्या घालायची.

“चंद्रव्वाचा आवाज तुला कुठवर आला?” अपेक्षानं विचारलं.

“लई वेळ, मॅडम. बाहेर जेवणं चालली व्हती तरी ही आपली गातीच हाय. आधी नीट गात व्हती. मग शब्द सांडायला लागली. मग नुसतीच हसायची. मला वाटलं, बाई खुशीत हाय आज. मग हळूहळू...” पोरीच्या हातातली घडी तशीच राहिली. “शेठ म्हणतात प्यायली व्हती. खरं का?”

“पंखा बंद झाला होता मधे?”

“न्हाय की. भिंत सारखी घुमत व्हती. दिवसभर.”

अपेक्षा थांबली. बाहेर, भाकरी वाढताना, गाणं मधेच तुटलं. आत, भिंतीशी, तेच गाणं लांबत गेलं. एका तोंडाचं गाणं दोन वेळी कसं थांबेल?

मुकादम बसलिंगप्पा कपाळभर भस्म लावून दाराशीच उभा होता. फोन त्यानंच केला होता.

“पावणे गेले आन् मी कडी काढली, अव्वा. ही अशी.” तो डोळे पुशीत होता. “पण मी वर मंचावर होतो, नारळ धरून. देवाशप्पथ.”

“सत्काराचे टॉवेल कुणाच्या ताब्यात?”

“गोदामात होते. अक्षरांचे म्हणून मोजकेच विणलेले. मी सकाळी काढून रामहरी सरांच्या हातात दिले आन् कुलूप घातलं. किल्ली ही.” त्यानं धोतराची निरी सरकवली. किल्ली करगोट्याला गाठ मारून बांधलेली होती. “झोपतानाबी सोडत नाही. मागं एकदा माल गेला, तवापासून शेठचा कुणावर इश्वास नाही.”

*

रामहरी सर कारखान्याचे सुरक्षा सल्लागार. सहा कारखान्यांना ते सुरक्षिततेचे दाखले देत, आणि उरलेल्या वेळात सत्कार समारंभांचं सूत्रसंचालन करत. दोन्ही धंद्यांत एकच भांडवल लागे : आवाज. ते सुरक्षेवर बोलायला लागले, की ऐकणाऱ्याला अपघात बरा वाटे.

“अत्यंत दुःखद,” ते म्हणाले, माइक समोर असल्यासारखे. “मी नेहमी सांगतो, सुरक्षा ही सवय आहे, सोय नाही. पण अशिक्षित वर्ग ऐकत नाही.”

“डागखोली कधी पाहिलीत?”

“छे. मी आलो तो थेट मांडवात. आत पायसुद्धा टाकलेला नाही.”

“प्रदर्शनातला मास्क?”

“माझा स्वतःचा. कोरा. इम्पोर्टेड.”

मास्क अजून मांडवातल्या टेबलावर होता, मखमलीवर, झेंडूच्या पाकळ्यांत, एखाद्या देवासारखा. अपेक्षानं तो उलटा केला. आतल्या रबराच्या कडेला काळसर पट्टा होता. तिनं तो हुंगला. मिसरी. दात घासायची, भाजलेल्या तंबाखूची. इम्पोर्टेड मास्कात मिसरी परदेशातून भरून आली होती म्हणायची.

तिनं मास्क पिशवीत घातला. रामहरी सरांनी घसा खाकरला.

“समारंभात तुम्ही मंचावरून मधेच कुठं गेला होता का?”

“मी? एकच मिनिट. साहेब अचानक आले, एक टॉवेल कमी पडला. शेठना म्हटलं, भाषण जरा लांबवा. लगेच आणला.”

“कुठून?”

“कुठून म्हणजे? गोदामातून.”

अपेक्षानं मान डोलावली आणि त्यांचे आभार मानले. ते इतके खूश झाले, की त्यांनी तिला आपलं कार्ड दिलं.

*

सकाळी अपेक्षा ठाण्यात आली, तेव्हा मोठे साहेब डोक्याला बाम चोळत होते.

“रात्रभर डोकं ठणकतंय. होनमाने, त्या बाईच्या अटकेचे कागद तयार ठेवा. शेठचे दोन फोन येऊन गेले.”

“सिव्हिलमधून कळवलंय, साहेब. पोटात दारूचा थेंब नाही. भाकरीचा घासही नाही. सॉल्व्हंटच्या वाफेनं गेली असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. ती वाफसुद्धा माणसाला झिंगवते. आधी हसवते, मग हृदय बंद पाडते.”

“मग मुक्ताबाईनंच पंखा बंद केला.”

“पंखा बंद नव्हता. साहेब, एक विचारू? काल पंगतीत तुम्ही मंचाजवळ बसला होता?”

“पहिल्या पानावर!”

“कुणी गात होतं?”

“हो, कसली कटकट! पाइपातनं कोण बाई रडगाणं गात होती. वासही येत होता कसला तरी. ती परदेशी बाई सारखी मान वळवून बघायची. मग एकदम बंद झालं दोन्ही, देवाची कृपा. नंतर कुठं दोन घास गेले.”

“दोन्ही? गाणं आणि वास, एकदमच?”

“एकदम. कुणी झाकण ठेवल्यासारखं.”

साहेब बोलून गेले आणि बामची डबी शोधायला वळले. आयुष्यात एकदाच ते काही उपयोगाचं बोलले होते आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. ते वळले तशी त्यांच्या खुर्चीची पाठ अपेक्षासमोर आली. टॉवेलची एक कड दुमडून उलटी पडली होती.

उलट्या बाजूला एक वर्तुळ होतं. ताटाएवढं. काळं, तेलकट, आणि त्याला सुताची करडी लव चिकटलेली.

“साहेब, हा टॉवेल मला लागेल.”

“अहो, तो माझा सन्मान आहे!”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “त्याची रिकामी पिशवीसुद्धा.”

*

मांडव अजून उतरवलेला नव्हता. मंचावरचे हार माना टाकून लोंबत होते. अपेक्षानं सगळ्यांना तिथंच बसवलं, काल बसले होते तसेच. शेठ, रामहरी सर, बसलिंगप्पा, पूनम. मोठे साहेबही आले, अटक आपल्या हातून झाली असं पेपरात यावं म्हणून. मुक्ताबाई कडेला उभी. तिच्या शेजारी महिला शिपाई, तिच्या हातात साहेबांनी भरायला लावलेला कागद.

“घेऊन टाका एकदाचं ताब्यात,” युवराजशेठ म्हणाले. “दोन शिफ्ट बुडाल्या माझ्या.”

“एका बाईच्या सगळ्याच बुडाल्या,” अपेक्षा म्हणाली. “बसा.”

तिनं पडदा बाजूला केला. पाइपाचं तोंड उघडं पडलं.

“पंखा चालू होता. पूनमनं ऐकला, मी स्वतः पाहिला. चालू पंख्याखाली चंद्रव्वा मरते कशी, हे कोडं काल मला सुटलं नाही. त्यातून गाण्याची अडचण. मुक्ताबाई सांगते, गाणं पंगत बसल्यावर तुटलं. साहेबही तेच सांगतात. पूनम सांगते, पंगत चालू असताना चंद्रव्वा गातच होती, हसत होती. तिघांत खोटं कुणीच बोलत नव्हतं. गाणं थांबलंच नव्हतं. गाण्याचं तोंड बंद झालं होतं.”

तिनं तळहात पाइपाच्या तोंडावर ठेवला. आतली घरघर एकदम लांब गेली. हात काढला, परत जवळ आली.

“इथं कुणीतरी बोळा कोंबला. पंखा आत फिरत राहिला, पण हवा जाणार कुठं? वाफ खोलीतच राहिली. जड असते, खाली साचते, आणि चंद्रव्वा खाली पाटावर बसलेली. मास्क इथं झेंडूच्या फुलांत. तिच्या नाकाला ओला पदर, तो धूळ अडवतो, वाफ नाही. मुठीत गूळ, तो तर काहीच अडवत नाही. शेठ, दाराला कडी तुमच्या हुकमानं. वाफेनं झिंगली ती, तुम्ही म्हणालात प्यायली.”

“मी पाइपाला हात लावला नाही!” शेठ उठले.

“नाही लावलात. तुम्हाला तेवढंही सुचत नाही. तुम्ही फक्त माणसाला आत कोंडून बाहेर साबणाच्या बाता मारल्या. त्याचं कलम वेगळं आहे, आणि तेही लागणार. बोळा कोंबणाऱ्याला डोकं होतं. पाहुण्यांना वास गेला, तर साबणाची थाप उघडी पडणार, आणि कारखाना सुरक्षित असल्याचा दाखला ज्याच्या सहीचा, तो उघडा पडणार. टॉवेलच्या कारखान्यात बोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. त्याच्या हाताशी सत्काराची चळत होती. वरचा टॉवेल उचलला, कोंबला, झाला.”

तिनं साहेबांचा टॉवेल उलगडला. वर्तुळ सगळ्यांना दिसलं. साहेबांचा हात नकळत आपल्या पाठीकडं गेला.

“पंगत उठल्यावर बोळा काढायलाच हवा होता. आणि तेव्हाच आगंतुक साहेबांचाही सत्कार करायचं निघालं.” तिनं ‘आगंतुक’ हा शब्द अजिबात सांभाळून घेतला नाही. “टॉवेल एक कमी पडला. एकच जादाचा होता, आणि तो पाइपात होता. दुसऱ्या कुणी तो घाणेरडा टॉवेल फेकून दिला असता. पण या गृहस्थांना सत्कार मोडवेना. पडद्याआड गेले, बोळा काढला, डाग आत जाईल अशी घडी घातली, पिशवीत भरला, वर रिबीन. पिशवी बंद, म्हणून वासही आतच. साहेबांनी ठाण्यात उघडली, तेव्हा तो ताजा होता. पिशवीत अजून आहे.”

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

“मी गोदामातून आणला!” रामहरी सर म्हणाले. आवाज अजूनही मंचावरचाच, पण खालून कुणीतरी तार काढून घेतलेली.

“बसलिंगप्पा, किल्ली कुठं होती?”

“हितं.” म्हाताऱ्यानं कंबरेवर थाप मारली. “आन् मी शेठच्या बाजूला, नारळ धरून. फोटो हाय.”

“कुलूपबंद गोदामातून एका मिनिटात टॉवेल. सर, तुम्ही जादूचेही प्रयोग करता काय?”

“मॅडम, मला... आत कुणी आहे, याची मला कल्पनाच नव्हती.”

अपेक्षा या वाक्याचीच वाट पाहत होती. तिनं मास्क टेबलावर ठेवला, उलटा.

“हा तुमचा कोरा मास्क. आत मिसरी लागलीय. सकाळी डागखोलीत जाऊन तुम्ही तो त्यांच्याकडून मागून आणलात. ‘आत पायसुद्धा टाकला नाही’ असं मला म्हणालात, कारण पाय टाकला होता हे कळलं, तर चंद्रव्वाला पाहिलं होतं हेही कळलं असतं. ते राहू द्या. बोळा कोंबायला तुम्ही इथं उभे राहिलात, तेव्हा पाइपातनं काय येत होतं?”

रामहरी सरांनी पाइपाकडं पाहिलं.

“वास येत होता. आणि?”

मांडवाची कनात फडफडली.

“बाई गात होती,” अपेक्षा म्हणाली. “तुमच्या छातीपाशी, हातभर अंतरावर. त्या गाण्यात तुम्ही टॉवेल कोंबलात. वाफ जड असते हे शेठला माहीत नव्हतं. मुक्ताबाईला माहीत नव्हतं. अख्ख्या कारखान्यात ते एकाच माणसाला माहीत होतं. त्यानं ते छापलं आणि तिच्याच दारावर चिकटवलं.”

रामहरी सरांनी इकडंतिकडं पाहिलं. सहा कारखान्यांत टाळ्या घेणारा माणूस, पण आता टाळीला एक हात उठत नव्हता.

“थोडाच वेळ... फक्त जेवण होईपर्यंत,” ते पुटपुटले. “पाहुणे जेवत होते हो.”

“जेवले,” अपेक्षा म्हणाली. “पोटभर जेवले.”

मोठ्या साहेबांना एकदम उचकी लागली. कालच्या शेंगाचटणीची असावी.

काल सत्काराच्या वेळी याच रामहरी सरांनी चारोळी म्हटली होती : ‘गुलाबाला काटा, समुद्राला लाटा, साहेबांच्या कार्याचा गावभर बोभाटा.’ तेवढी एक गोष्ट मात्र त्यांनी खरी करून दाखवली. दुपारपर्यंत साहेबांच्या सन्माननीय टॉवेलचा सोलापूरभर बोभाटा झाला.

महिला शिपायानं हातातला कागद अपेक्षाकडं दिला. मुक्ताबाईच्या अटकेचा. अपेक्षानं तो उभा फाडला, मग आडवा. रामहरी सरांना आणि शेठना जीपकडं नेलं. जाताना शेठ विचारत होते, आज गाडी भरली तर चालेल का.

*

मांडवात मुक्ताबाई एकटी राहिली. ती पडद्याआड गेली आणि पाइपासमोर उभी राहिली. आत पंखा घरघरत होता. पाइपाच्या तोंडातनं सुताची करडी लव बाहेर येत होती, हवेत तरंगत होती, तिच्या केसांवर बसत होती.

“रुसली नव्हतीस व्हय गं,” ती म्हणाली.

अपेक्षा जरा अंतरावर थांबली. पुढं यावं की नाही, कळेना.

“मुक्ताबाई, उरलेली ओळ ठाऊक आहे?”

“ठाऊक न्हाय. पन चंद्री काय जोडणार, ते मला कळतंय.” तिनं पाइपाच्या कडेवर हात ठेवला, एखाद्या बाळाच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि तोंड जवळ नेऊन हलक्यानं, सूर धरून, आत गायली :

“टावेल निघालं गं, जसं पांढरं बगळं,
डाग ऱ्हायलं मागं, माझ्या पदराला सगळं.”

आत रिकाम्या खोलीत आवाज घुमला. भिंतीपलीकडं घडी घालायला परतलेल्या पूनमनं तो ऐकला आणि हातातला टॉवेल छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.